बर्फाखालच्या दुपारी

ओल्या गोणपाटाला स्वतःचा एक वास असतो. ताग, लाकडाचा भुसा आणि वितळणारा बर्फ यांचा मिळून झालेला. थंड, किंचित कुजकट, आणि तरीही भर उन्हात सायकल हाणणाऱ्या माणसाला अमृतासमान वाटणारा! आजही एखाद्या लग्नाच्या मांडवात बर्फाची लादी उतरवताना तो वास आला की माझी पावलं आपसूक थबकतात आणि नागपूरचा एक जुना उन्हाळा अंगावर चालून येतो. कोणी तरी लगबगीनं खुर्ची पुढे करतं. त्यांना वाटतं, म्हातारा उन्हानं दमला.

ऐंशीनंतरची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहत होतो; मी तहसील कचेरीत कारकून, आणि माझी पत्नी इंदू पस्तिशीच्या उंबरठ्यावर. नवऱ्यानं बायकोच्या केसांवर लिहावं हे आमच्या पिढीला शोभत नाही, तरी लिहितो. न्हाऊन आली की ती अंगणात पाठमोरी उभी राहून तो गुडघ्याला टेकू पाहणारा कृष्णवर्णी संभार उन्हात मोकळा सोडायची. ते विंचरणं संपेपर्यंत माझा कचेरीचा डबा अर्धवट भरलेला पडून राही, आणि मी आतून ओरडत असे, ‘‘अहो महाराणी, दहा वाजले!’’ किती सुखं आपण अशी घाईघाईनं हाकलून देतो!

त्याच वर्षी तिच्या छातीतली गाठ शस्त्रक्रियेनं काढावी लागली. त्या काळी या रोगाचं नाव रोग्यापुढे उच्चारत नसत. नातेवाइकाला व्हरांड्यात बोलावून सांगत, आणि त्यानं ते गिळून, तोंड पुसून, हसत खाटेपाशी परतायचं, हीच रीत. मीही परतलो. ‘‘साधी गाठ होती, निघाली,’’ म्हणालो. पण पुढे इंजेक्शनं द्यायची होती, दर तीन आठवड्यांनी, लाल रंगाचं औषध. आणि त्यानं केस झडतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. केस गेले की तिला सारं कळणार, कळलं की ती खचणार, आणि खचली तर? माझा सगळा खोटेपणा तिच्या वेणीच्या आधारानं उभा होता.

डॉक्टर तरुण होते, वाचणारे होते. परदेशात डोकं बर्फानं गार ठेवून केस वाचवायचा प्रयत्न करतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. कातडी गारठली की तिथलं रक्त कमी वाहतं, औषध केसांच्या मुळाशी कमी पोचतं. ‘‘खात्री देत नाही, पण करून पाहू,’’ ते म्हणाले. मी तर बुडता माणूस. मला काडीही पुरेशी होती. इंजेक्शनच्या दिवशी मी बर्फाच्या कारखान्यातून लादी आणायची, ती गोणपाटात ठेचायची, चुरा प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचा. नर्सबाई तिचे केस ओले करून, कानांवर कापूस ठेवून, त्या पिशव्या पट्टीनं डोक्याभोवती बांधायच्या. इंजेक्शनआधी पाव तास, आणि नंतर पाऊण तास. नंतरचा पाऊण तास फार महत्त्वाचा, हे डॉक्टरांनी मला बजावून सांगितलं होतं.

आणि इंदूला? तिला मी सांगितलं, औषध उष्ण आहे, डोक्यात उष्णता चढू नये म्हणून बर्फ. नागपुरात राहून उष्णतेवर अविश्वास कोण दाखवील? इथे उन्हाळ्यात माणसं कांदा खिशात घालून फिरतात! माझ्या या हुशारीचं मला तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं.

तिच्या सोबतीला उमरेडहून तिची मावशी आली होती. इंदूची आई लहानपणीच गेलेली. या मावशीनंच तिला न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. मावशीलाही मी तेच उष्णतेचं पुराण ऐकवलं आणि पहिल्या दोन्ही खेपांना, इंजेक्शन टोचून होताच, अर्ध्या दिवसाचीच रजा आहे असं सांगून कचेरीत निघून गेलो. खरं कारण रजा नव्हतं. बर्फाखाली थरथरणारी इंदू माझ्याकडे बघायची ते मला सोसवत नसे.

दुसऱ्या खेपेनंतर फणीत पुंजके येऊ लागले. उशीवर केस, न्हाणीत केस, पोळीच्या कणकेतसुद्धा केस. ती ते गोळा करायची आणि मी वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसायचो.

तिसऱ्या खेपेला, बर्फ असूनही केस का जातात ते पाहायला, मी थांबलो. पट्टी बांधली गेली, लाल औषध शिरेत उतरलं, नर्सबाई दुसऱ्या खाटेकडे वळल्या. आणि वळल्या तशी मावशीनं चटचट पट्टी सोडली, पिशव्या बादलीत टाकल्या, कमरेच्या पिशवीतून उन्हात तापवलेल्या तिळाच्या तेलाची बाटली काढली आणि इंदूचं डोकं दोन्ही हातांनी खसखसा चोळायला लागली!

‘‘मावशी! हे काय करता?’’

‘‘काय करता म्हंजे? उष्णता निंगली न आता? मंग पोरीले गारठून मारता का, जावईबापू? डोकश्यात सर्दी बसन ना! दोनी खेपेले मीच चोळून देल्लं, म्हणून तं पोरगी ताठ हाय.’’

या माउलीला दोष देऊ तरी कसा? माझ्या खोट्यावर तिनं शंभर टक्के विश्वास ठेवला होता आणि त्या खोट्यात जे शहाणपण बसत होतं ते केलं होतं. खरं कारण सांगितलं असतं, तर तिनं त्या पिशव्या पाऊण तास स्वतःच्या हातांनी धरून ठेवल्या असत्या. बर्फानं केस वाचले असतेच असं डॉक्टरही म्हणत नव्हते. पण बर्फाला संधीच मिळाली नाही, ती माझ्यामुळे.

‘‘तिच्यावर काहून चिडता जी?’’ तेलानं चिंब झालेल्या, विरळ केसांची इंदू शांतपणे म्हणाली. ‘‘मले पहिल्या दिवसापासून माहीत हाय, रोग कोणता न केस जाणार ते. बाजूच्या खाटेवरची बाई घट्ट पदर घेऊन बसते, त्या पदराखाली काय हाय, ते मले दिसत नव्हतं का? तुमी एवढ्या उन्हात बर्फ आणत होते, म्हणून मी बसत होती. तुमाले वाटू द्यावं म्हटलं, मले माहीत नाही.’’

मावशी तेलाचे हात तसेच धरून उभी राहिली, मग खाटेखाली बसून पदरात तोंड लपवून रडली. मी रडलो नाही. मला रडायला चार दिवस लागले.

चौथ्या खेपेला बर्फ नव्हता, केसही नव्हते. मी पूर्ण दिवसाची रजा काढली आणि तिला विचारलं, भीती वाटते का? ‘‘वाटते ना जी,’’ ती म्हणाली, ‘‘रोज वाटते. तुमाले?’’ लग्नाला पंधरा वर्षं होत आली होती, आणि आम्ही दोघं जणू नव्यानं भेटलो. पुढची थंडी सरेपर्यंत ती होती. तेवढ्या दिवसांत आम्ही जे बोललो ते माझ्यापाशी आहे.

तुम्हाला वाटेल, हा म्हातारा त्या केसांसाठी झुरतो. नाही हो. मी झुरतो ते त्या पहिल्या दुपारसाठी. तिलाही सारं ठाऊक होतं, मलाही सारं ठाऊक होतं, आणि आमच्यामध्ये हातभर अंतरही नव्हतं. कुडकुडत ती म्हणाली होती, ‘‘आज ऊन जास्तच हाय ना जी?’’ मी घड्याळाकडे पाहत म्हणालो होतो, ‘‘हो, फार आहे,’’ आणि उठून कचेरीत गेलो होतो.