हिरड्यांना लावलेली हळद

माणसाचं भाग्य त्याच्या मुखात असतं आणि मुखाचं रक्षण हळद करते, असं माझे मामा सांगत. मामा सांगलीला हळदीचे अडते होते. बाजारात भाव पडले की त्यांची हळदीवरची श्रद्धा वाढत असे.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. मला साताऱ्यात सरकारी कारकुनाची जागा मिळाली होती. फक्त डॉक्टरी तपासणी राहिली होती. नेमकं तेव्हाच माझ्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. पेरू चावला तरी त्यावर लाल डाग उमटे. तोंडात रक्त दिसलं की क्षयाचा संशय घेऊन घरी पाठवतात, असं कुणीतरी सांगून ठेवलं होतं. तेव्हापासून माझी जीभ सारखी हिरड्या चाचपत असे. वाचायला बसलो की पानागणिक उठून आरसा पाही. दोन आठवड्यांत एका कादंबरीची तीस पानं झाली, आणि तीही आठवत नाहीत.

शेवटी एस.टी.नं सांगली गाठली. मामांनी हळदीत मीठ कालवलं, करडईच्या तेलाचे थेंब टाकले आणि म्हणाले, "रोज सकाळी बोटानं चोळायचं, धा मिनटं. रगात थांबलं न्हाई, तर मला मामा म्हनू नगंस."

साताऱ्याला परतल्यावर तीन आठवडे मी चोळत राहिलो. रक्त कमी झालं, मग दिसेनासं झालं. तरी चैन पडेना. तपासणीच्या दिवशी सकाळी, खात्री असावी म्हणून, दुप्पट हळद लावली.

दवाखान्याच्या रांगेत जांभई आली आणि घात झाला. पुढचा उमेदवार, पलटणीतून निवृत्त झालेला शिपाईगडी, माझ्या जिभेकडे पाहून बाजूला सरकला. "आवं, कावीळ घिऊन कशाला आलाय रांगेत?" तो म्हणाला. मी हळदीचं सांगितलं. त्याला ते पटलं नाही. माझ्यामागची रांगही दोन पावलं मागं गेली. मी तीनदा नळावर जाऊन चूळ भरली. पिवळेपणा ढळला नाही.

डॉक्टरांनी जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. डोळे स्वच्छ होते.

"घरात कुणाचं लग्न आहे?" त्यांनी विचारलं.

मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी हिरडी दाबली. रक्त आलं नाही. याआधी दात कशानं घासत होतो, असं त्यांनी विचारलं. कधी राखुंडीनं, कधी मंजनानं, आणि घाई असली की नुसती चूळ, असं मी खरं ते सांगितलं.

"म्हणजे रोज दहा मिनिटं तोंडाकडे लक्ष तुम्ही पहिल्यांदाच दिलंत," ते म्हणाले. "यात हळदीचं श्रेय किती आणि बोटाचं किती, ते मला सांगता येणार नाही."

मी पास झालो. मामांनी सगळं श्रेय हळदीला दिलं आणि ते गावभर सांगितलं.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात कागद भरणारा कारकून मात्र ओळखीच्या खुणेपाशी अडला होता. माझ्या अंगावर तीळ नाही, व्रण नाही. त्यानं मला हात पुढे करायला सांगितले आणि लिहिलं: 'उजव्या हाताची तर्जनी पिवळी.' बोट महिन्याभरात साफ झालं. नोंद निवृत्तीपर्यंत तशीच होती.