रोवण्याच्या दिवसांतली सुई

धानाचा रोवणा चालू असताना भागरथाबाई मान वर करत नसत. कमरेत वाकून, डाव्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी धरून त्या चिखलात मागे सरकत जात, आणि कोणती बाई मागे पडली ते पाण्यातल्या हातांच्या आवाजावरून ओळखत. "सुनीते, झोपली का व?" एवढं म्हटलं की सुनीताचा हात चालू लागे.

अर्जुनी मोरगावकडच्या त्या गावात मी उपकेंद्राची नर्स होते आणि भागरथाबाई रोवणाऱ्या बायांच्या टोळीच्या प्रमुख. टोळी बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, गुत्त्याने, ठरलेल्या रकमेत घ्यायची. एक बाई घरी राहिली की सगळ्यांचं काम लांबायचं. लस दिल्यावर लेकराला ताप येतो आणि आई घरी बसते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. म्हणून टोळीतल्या कुठल्याच लेकराला रोवण्यात सुई टोचायची नाही, असा त्यांचा नियम. रोवणा संपला की निंदण, निंदण संपलं की कापणी. माझ्या यादीत त्यांच्या टोळीतल्या लेकरांपुढे कायम एकच शेरा असे : पुन्हा जाणे.

मी समजावायला गेले की त्या आधी चहा पाजत, हिवाळ्यात लाखोरीच्या भाजीची मोट पिशवीत कोंबत आणि मग नाही म्हणत. "लेकरू तापलं तं तुमी येता का चिखलात?" त्या विचारत. गोवर आला तर काय, असं विचारलं की म्हणत, "दवाखाना सरकारी, गाडी सरकारी. आपलं काय जाते?"

एका वर्षी कापणीच्या तोंडावर गोवर आलाच. घरोघर अंगावर पुरळ उठलेली लेकरं. आरोग्य केंद्रातल्या नर्सा सर्वेक्षणाला पांगल्या, गरोदर बायांची तपासणी बंद पडली. भागरथाबाईंच्या नातीची लस अशीच लांबलेली. तिच्या छातीत कफ भरला, श्वास लागला. केंद्राच्या एकुलत्या एका गाडीने तिला आणि भागरथाबाईंना गोंदियाला नेलं.

त्याच सकाळी सुनीताला कळा सुरू झाल्या. मी फोन केला तर गाडी गोंदियाच्या वाटेवर. तालुक्याची गाडीही गोवराचंच दुसरं लेकरू घेऊन गेलेली. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तणस अंथरून सुनीताला निजवलं आणि मी शेजारी बसले. वाटेतच मुलगी झाली. मुलगी ठणठणीत होती, पण सुनीताचा रक्तस्राव थांबेना. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लावलं आणि तिथल्या परतलेल्या गाडीने तिला गोंदियाला हलवलं.

मोठ्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर उतरवताना समोर भागरथाबाई उभ्या होत्या. नातीला आत ऑक्सिजन लावलेला, त्यांच्या हातात रिकामी पाण्याची बाटली. सुनीताच्या साडीला चिकटलेलं तणस त्यांना दिसलं.

"ट्रॅक्टरनं काऊन आणलं इले?"

"गावातून निघताना गाडी नव्हती मावशी."

बाळ सोबत आलेल्या सुनीताच्या सासूच्या हातात होतं, आणि म्हातारीला स्ट्रेचरमागे आत जायचं होतं. भागरथाबाईंनी ते अलगद आपल्याकडे घेतलं. सुनीताचं ऑपरेशन झालं, पिशवी काढावी लागली. ती वाचली, पण तिला आता दुसरं लेकरू होणार नव्हतं. हे कळल्यावर भागरथाबाई बाळाची मूठ उघडत, मिटत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "सिस्टर, सरकारी म्हणजे सुनीताचीबी होती ना व ते गाडी."

नात बरी होऊन घरी आली. पुढच्या रोवण्याआधी भागरथाबाईंनी टोळी बोलावली आणि कामाची नवी पद्धत लावली. सुईच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाळीपाळीने एक बाई चिखलात उतरणार नाही. ती पारीवरच्या, म्हणजे बांधावरच्या, झाडाखाली लेकरं सांभाळेल आणि तिला मजुरी सगळ्यांएवढीच. बसून मजुरी कायची, असं एकीने टोमण्यात विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "चार तापलेली लेकरं घेऊन बसून पाह्य, मंग सांग."

भागरथाबाई आता नाहीत. मागच्या हिवाळ्यात गेल्या. मला त्या आठवतात त्या नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षाच्या. सुनीताची मुलगी ऐन रोवण्यात नऊ महिन्यांची झाली होती आणि तिला गोवराची आणि त्यासोबतच्या बाकीच्या लसी मीच दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी बांधीवर गेले. पहिली पाळी भागरथाबाईंनी स्वतःच घेतली होती. टोळीतला सगळ्यांत चपळ हात झाडाखाली बसून ओल्या फडक्याने त्या मुलीचं कपाळ पुसत होता. खाली बायांची ओळ त्यांच्यावाचून वाकडी चालली होती. सुनीता वाकल्या वाकल्या वर बघत होती.

"सिस्टर, हा ताप कवा उतरते?" भागरथाबाईंनी विचारलं.

"उद्यापर्यंत उतरेल."

त्यांनी फडकं पिळलं आणि खाली सुनीताला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "राहू दे मंग इले इथंच. मी आहो."