खूण नसलेला घाव

त्या दुपारी मी आणि बायको मेथी निवडत बसलो होतो. ती म्हणाली, "पानं फेकताय अन् देठं ठेवताय, डोळे कुठं गहाण टाकलेत?" तेवढ्यात दारावरची बेल कर्कश वाजली. ती दचकली आणि बसल्या जागी कोसळली. परत उठली नाही.

मी जन्मभर वखारीत लाकडं फोडली. कुऱ्हाड बसली की खूण राहते. हिच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. तपासायला आलेल्या डॉक्टरनं विचारलं, घरात आणखी कोणी असं गेलंय का? हिची बहीण लग्नातल्या बँडला दचकून गेली होती. आम्ही त्याला बाहेरचं समजून कोंबडं कापलं होतं. डॉक्टर म्हणाला, हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात, त्यांतून क्षार ये-जा करतात, त्यावर ठोका चालतो. काहींची दारं जन्मापासून बिघडलेली असतात. मग नुसत्या आवाजानं ठोका उधळतो. "तुमच्या मुलीलाही असू शकतं. तिचा कार्डिओग्राम काढा."

म्हणजे मारेकरी आईच्या रक्तातून लेकीच्या अंगात कधीच शिरलेला असेल. नरडं धरावं, तर तो दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राख सावडायला माणसं जमली. जावई म्हणाला, "मामा, आत्ता कुठं निघालात?" मी म्हटलं, "राख थांबेल." लेकीला हाताला धरून दवाखान्यात ओढत नेलं. रांगेत शेजारच्याचा मोबाइल किंचाळला, तशी लेक दचकली. मी तो त्याच्या हातातून हिसकावला आणि भिंतीवर आपटून फोडला.