दोरीचं दुसरं टोक

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सांगली जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात चाळीस वर्षं मांडव घालत होते. लग्न, बारसं, प्रचारसभा, दहावं. चार माणसं सावलीला बसायची असली की अण्णांचे बांबू आणि कापड हजर. मी मात्र कतारमध्ये, दोह्यातल्या ऑफिसात आमच्या मराठी साहेबांना सांगितलं होतं, की वडील इव्हेंट मॅनेजमेंटमध्ये होते. म्हटलं तर खोटं नव्हतं. पण ते बोलल्यावर मी ज्या चपळाईने विषय बदलला, ती माझी मला माहीत आहे.

अण्णा दोन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे, दोह्यातल्या अल गराफा भागात आले, तेव्हा मी नुकतीच एक कॅराव्हॅन घेतली होती. कतार सोडून निघालेल्या एका सहकाऱ्याची जुनी गाडी. हिवाळ्यात इथे सगळा देश वाळवंटात नाहीतर किनाऱ्यावर तंबू ठोकून बसतो, मग आम्हालाच का हौस नसावी? ऑफिसातल्या एका कतारी मित्राने उत्तरेला मदिनत अश शमाल गावाच्या पुढे, समुद्राजवळच्या त्याच्या कॅम्पशेजारी ती गाडी लावू दिली होती. गाडीची सगळ्यात मोठी ऐट म्हणजे तिची सरकती खोली. बटण दाबलं की भिंतीचा एक भाग टेबलाच्या खणासारखा बाहेर सरकायचा, आणि आत सहा माणसांच्या जेवणाच्या टेबलाला जागा व्हायची. त्या खोलीच्या डोक्यावर एक कापड होतं. खोली बाहेर आली की गाडीच्या छताजवळ गुंडाळलेलं हे कापड उलगडायचं आणि धूळ, पाणी अडवायचं. खोली आत घेतली की आपोआप गुंडाळलं जायचं.

अण्णांनी पहिल्या दिवशी खोलीतल्या गाद्या पाहिल्या नाहीत, टीव्ही पाहिला नाही. कंबरेवर हात ठेवून ते कापड तेवढं बघत राहिले.

“ह्याच्या खालनं वारं शिरत आसंल,” ते म्हणाले.

“स्प्रिंग आहे त्यात, अण्णा. कंपनीने विचार केलेला असतो.”

“कंपनीनं केला आसंल. वाऱ्यानं केलाय का?”

मी हसलो. असल्या बोलण्याला हसायची मला लहानपणापासून सवय होती. गावात पोरं मला ‘मांडववाला’ म्हणायची, तेव्हापासून मी दोरी आणि बांबूला हात लावायचं सोडलं होतं. अण्णांनी मला गाठी शिकवायचा दोन-तीनदा प्रयत्न केला. मी पुस्तक पुढ्यात धरून बसायचो. अभ्यास करणाऱ्या पोराला कोण उठवणार?

एका शुक्रवारी मी साहेबांना सहकुटुंब तिथे जेवायला बोलावलं. आम्ही आदल्या दिवशीच मुक्कामाला गेलो होतो. सकाळी मी बर्फ आणि खुबूसच्या रोट्या आणायला गावात गेलो आणि परत येतो तर गाडीचा पार अवतार झालेला. अण्णांनी त्या कापडावरून सहा दोऱ्या टाकल्या होत्या, भडक केशरी नायलॉनच्या. दोह्यात नजमा भागातल्या दुकानातून त्यांनी त्या आठवड्यापूर्वीच घेऊन ठेवल्या होत्या, मला न सांगता. दोरीने कापड घासू नये म्हणून खाली बायकोच्या जुन्या ओढणीच्या पट्ट्या घातल्या होत्या. प्रत्येक दोरीचं टोक खाली गाडीच्या लोखंडाला सुरगाठीने बांधलेलं. स्वतः शिडीखाली उभे राहून घाम पुसत होते आणि चेहऱ्यावर असा आनंद, की आल्यापासून मी तो पाहिला नव्हता. महिनाभर आमच्या घरात त्यांना करायला काही नव्हतं. आज काम मिळालं होतं.

“आता वारं कितीबी येऊ दे. आनि खोली आत घ्यायची झाली तर गाठ एका झटक्यात सुटतीय बघ, वढून बघ.”

“अण्णा, हा काय लग्नाचा मांडव आहे का?” मी म्हणालो. आवाज चढलाच होता. “साहेब येतायत. काय दिसतंय हे! कोणी सांगितलं होतं तुम्हाला?”

बायकोने दारातून मला डोळ्यांनी दटावलं. पण एकदा तोल गेला की माझा मी नसतो. मी पुढे झालो आणि टोकं ओढत गेलो. सहा गाठी, सहा झटके. खरंच एकेका झटक्यात सुटल्या. अण्णांनी दोऱ्या नीट वेटोळून, पट्ट्यांच्या घड्या करून शिडीच्या पायाशी ठेवल्या.

दुपारी साहेब मंडळी आली, टेबलाशी बसली. रस्सा वाढून झाला आणि वारा उठला. हा इथला उत्तरेचा वारा, शमाल, काही शिट्टी वाजवून येत नाही. आधी वाळू जमिनीलगत सरपटायला लागते, मग गाडी हलकेच डुलते. डोक्यावरचं कापड फुगायला आणि आपटायला लागलं. फाड, फाड. साहेबांच्या मुलांना गंमत वाटली.

अण्णा बाहेर चुलीपाशी होते. ते दारात आले आणि हलक्या आवाजात मला म्हणाले, “खोली आत घे. वारं वाढनार हाय.”

खोली आत घ्यायची म्हणजे टेबलावरून सगळ्यांना उठवायचं. पाहुण्यांना भरल्या ताटावरून उठवायचं, तेही साहेबांना! आपल्यात असं करतात का?

“जेवणं चाललीत, अण्णा.”

“पंगत उठवली तर लोक एक दिस नावं ठेवत्यात. मांडव पडला तर जलमभर.”

साहेब हसून म्हणाले, “अहो बसा अण्णा, तुम्हीही घ्या दोन घास.” मीही हसलो आणि म्हणालो, “थांबेल हो वारा, इन्शाल्ला.” अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ते मागे फिरले.

मग मला शिडीचा आवाज आला. ॲल्युमिनियमची शिडी गाडीच्या पत्र्याला टेकली की होतो तो खणकन आवाज. अण्णा दोऱ्या बांधायला चढतायत, हे मला त्याच क्षणी कळलं. सत्तरीचा माणूस, असल्या वाऱ्यात, एकटा. मला कळलं नाही असं मी कितीदा तरी स्वतःला सांगून पाहिलंय, पण ते खरं नाही. मला कळलं होतं. मी साहेबांना म्हणालो, “अजून एक भाकरी?” आणि वाढली.

मांडववाल्यांचा पहिला नियम असा, की ओढायची दोरी हाताला गुंडाळायची नाही. एकाने एक टोक धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक बांधायचं. अण्णांनी चाळीस वर्षं हा नियम पोरांना शिव्या देऊन देऊन शिकवला होता. सकाळी वारा नव्हता तेव्हा एकट्याने भागलं होतं; आता पलीकडचं टोक धरायला कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी दोरी कापडावरून टाकून आपल्या उजव्या हाताला गुंडाळली आणि डाव्या हाताने गाठ मारायला घेतली. तेवढ्यात मोठा झोत आला. कापड फुगून वर उठलं, दोरी ताणली गेली. कापड एका बाजूने टरकन फाटलं, पण त्याआधी दोरीने आपलं काम केलं होतं. आम्ही बाहेर धावलो तेव्हा अण्णा शिडीवरच होते आणि उजवा हात छातीशी धरून म्हणत होते, “काय न्हाई, काय न्हाई.”

तीन बोटं चिरडली होती. शस्त्रक्रिया झाली, बोटं वाचली, पण मिटत नाहीत. दवाखान्यात नर्सने हिंदीत विचारलं, हे कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, “गलती मेरी है. रस्सी हाथ को लपेटा.” मी मान डोलावली. साहेबांनाही पुढे तेच सांगितलं.

गाडी मी त्याच हिवाळ्यात काढून टाकली. घेणाऱ्याला बजावून सांगितलं, की वारा उठला तर खोली उघडी ठेवू नका. आणि जेवण चालू असलं तरी माणसं उठवा. तो म्हणाला, फार काळजी करता तुम्ही.

अण्णांनी गावी गेल्यावर बांबू, कनाती, सगळं सामान भावकीतल्या एकाला देऊन टाकलं. एकच कापड तेवढं ठेवलं. सुतळीची गाठ मारता येईना, तर मांडव कसला घालायचा?

परवा उन्हाळ्यात गावी गेलो होतो. अंगणात अण्णांच्या बाजेवर ऊन येत होतं. आई म्हणाली, ते कापड तेवढं बांधून दे. मी कापड काढलं, एक बाजू भिंतीच्या कडीला अडकवली आणि दुसऱ्या बाजूची दोरी अंगणातल्या खुंटीला बांधायला आलो तो अडलो. निरगाठ मारली तर वारा आल्यावर सोडता येणार नाही. सुरगाठ मला येत नव्हती. सहा सोडल्या होत्या, बांधलेली एकही नव्हती. एवढ्यात वारा आला, कापड उचललं. दोरी हातातून निसटायला लागली, तशी मी ती भराभर हाताला गुंडाळली.

“हाताला गुंडाळू नगंस!”

त्या शुक्रवारनंतर अण्णा माझ्यावर ओरडले नव्हते, एकदाही नाही. बाजेवरून उठून ते माझ्यापाशी आले. माझ्या हाताचे वेढे त्यांनी डाव्या हाताने उलगडले आणि दोरी स्वतःच्या काखेत दाबून धरली. मग उजव्या हाताच्या त्या न मिटणाऱ्या बोटांनी खुंटीकडे दाखवत म्हणाले, “तू बांद सावकाश. मी सांगतो कशी मारायची. मी हाय न्हवं ह्या टोकाला.”