दारातून विचारू नका

यमुनाबाईंकडे नर्सचं काम शिकायला येणाऱ्या मुलीला पहिल्या दिवशी पुस्तक मिळत नसे, खाट मिळे. दिवसभर तिनं रोगी होऊन पडायचं. पाणी, जेवण, कूस बदलणं, भांडं, सगळं दुसरीच्या हातून. मुली लाजून रडकुंडीला येत. संध्याकाळी बाई विचारत, "सगळ्यात जास्त राग कशाचा आला?" मुलगी जे सांगेल, तो तिचा पहिला धडा.

राजेसाहेबांच्या अमदानीतली गोष्ट. जव्हारहून मोखाड्याकडे जाणाऱ्या वाटेवर एका व्यापाऱ्यानं लहानसा दवाखाना बांधून दिला होता. तिथं एक डॉक्टर होते आणि मी कंपाउंडर होतो. बाई नाशिककडच्या, विधवा, मुंबईला शिकून आलेल्या. रोग्याची झोप मोडते म्हणून खोलीत अनवाणी फिरत. मुलीला रोग्यासमोर कधी रागावत नसत. "हिच्या हातून उद्या त्याला औषध घ्यायचंय," म्हणत. रागवायचं असलं की मागच्या मोहाच्या झाडाखाली नेत. "मोहाखाली चल," एवढं ऐकलं तरी मुलींचे चेहरे उतरत.

त्यांचा एक हट्ट सगळ्यांना जाचत असे. "दारातून 'बरं आहे ना?' विचारायचं नाही. इथली माणसं 'बेस हाय'च म्हणणार. तुमचे स्वच्छ कपडे बघून म्हणणार, तुमचा मान राखायला म्हणणार. आत जा, पांघरूण उचला, हात लावा. मग बोला."

पोशेऱ्याची जानकी त्यांची पहिली डोंगरातली विद्यार्थिनी. एकदा खोडाळ्याची एक बाळंतीण तिच्याकडे सोपवलेली होती. दुपार कलली तरी जानकी जेवली नव्हती.

"जा, भाकर खाऊन ये. मी बघतो," मी म्हणालो.

"नक्की ना, भाऊ?"

"अगं, जा की!"

मी दारात गेलो. "बरं आहे ना, बाय?"

"बेस हाय," आतून उत्तर आलं. मी औषधांच्या खोलीत परतलो.

जानकीनं येऊन पांघरूण उचललं आणि ओरडली. गोधडी रक्तानं भिजली होती. बाई धावल्या, पोट दाबून धरलं, जानकीला हाताखाली घेतलं. बाळंतीण वाचली, पण थोडक्यात.

डॉक्टर खाटेशीच कडाडले, "कोणाची पाळी होती?"

"माझी व्हती," जानकी म्हणाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. मी गप्प राहिलो.

"उद्या घरी जा!"

"डॉक्टरसाहेब, इथं नको," बाई म्हणाल्या. "मोहाखाली चला."

डॉक्टर इतके गोंधळले की खरंच गेले. मी खिडकीतून ऐकत होतो. "पाळी सोडताना रोगी दुसऱ्याच्या हाती कसा द्यायचा, हे मी तिला शिकवलं नव्हतं. शिकवणारी चुकली तर शिकणारीला का घालवता? तिला घालवायचं तर माझीही गाडी जुंपायला सांगा."

जानकी राहिली. बोल मात्र तिच्यावर राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई बाळंतिणीशी बराच वेळ बोलत बसल्या. मग माझ्याकडे आल्या. "कंपाउंडर, आज तुम्ही रोगी."

हसण्यावारी न्यावं असा आवाज नव्हता. मी झोपलो. दुपारपर्यंत पाठ आखडली, घसा सुकला, लघवीला लागली. सांगायची लाज वाटे. तेवढ्यात डॉक्टर दारात थांबले. "काय कंपाउंडर, बरं आहे ना?"

"हो साहेब, बरं आहे," मी म्हणालो.

त्यांच्या पाठोपाठ जानकी आत आली. पांघरूण सारून तिनं माझ्या पायांना हात लावला. "आदी भांडं देव का पाणी?"

संध्याकाळी बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी म्हणालो, "माझाच राग आला."

"मग डॉक्टरांना सांगून या."

मी गेलो नाही. नोकरीची भीती होती. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. तो निर्णय त्यांनी माझ्यावर सोडला. पण त्या दिवसापासून एक नवा नियम आला. पाळी बदलताना दोघींनी खाटेच्या दोन बाजूंना उभं राहायचं, मिळून पांघरूण उचलायचं, रोग्याला दोघींनी हात लावायचा, मगच पहिलीनं जायचं. शिकवणाऱ्यांनीही हे करून दाखवायचं, नुसतं सांगायचं नाही.

पुढं बाई तापानं अंथरुणाला खिळल्या. जानकीच त्यांचं सगळं करी. मी भेटायला गेलो आणि खोड जाईना, उंबऱ्यातूनच म्हणालो, "बाई, बरं आहे ना?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "आत या, कंपाउंडर."

मी आत गेलो. पांघरुणाखाली पाय गार पडले होते. ते धरून बसलो. बोलायचं ते तेव्हाही बोललो नाही. काही दिवसांतच त्या गेल्या.

जानकीनं पुढं कितीतरी मुली शिकवून तयार केल्या. तरी तिचं नाव निघालं की अजून कोणीतरी म्हणतं, "तीच ना, बाळंतिणीला टाकून जेवायला गेलेली?"

ती टाकून गेली नव्हती. तिनं रोगी माझ्या हाती दिला होता, आणि 'नक्की ना?' विचारून दिला होता. दारातून विचारून परतलेला माणूस मी.