रंग न बदलणारी गाठ

गादीवालीच्या दुकानात पहिल्यांदा येणारं गिऱ्हाईक हमखास दचकायचं. आत कुणीतरी कुणाला मरेस्तोवर बडवतंय, असा आवाज. बडवणारी ती आणि मार खाणारा कापूस. जुनी गादी उसवायची, दबून दगड झालेला कापूस फरशीवर पसरायचा आणि वेताच्या काठीने असा झोडपायचा, की कापसाने हात जोडावेत. मग खोळीत भरून टाके घालायचे आणि शेवटी तीन बोटं सपाट धरून गादीभर फिरवायची. वाटाण्याएवढी गुठळी राहिली तरी तिच्या बोटांना कळायची. राहिलीच तर टाका उसवून ती उपटून काढायची.

दुकानात ती बडवायची आणि मागच्या खोलीत तिला बडवलं जायचं. नवरा शटर बसवायचा, मनगटं ही अशी जाडजूड. दारू पीत नव्हता, म्हणजे दारूवर ढकलायचीही सोय नाही. मीठ कमी पडलं, मार. उलट बोलली, मार. गप्प राहिली तर "तोंड शिवलंय का तुझं?" म्हणून मार. आणि मेला हुशार इतका, की तोंडावर कधी हात टाकायचा नाही. कपड्यांखाली झाकलं जाईल तिथेच. शेजारी म्हणायचे, काय साधा माणूस आहे हो! साधा कसला, आतल्या गाठीचा नुसता.

सासू तिथेच भाजी निवडत बसलेली असायची. मान वर करायची नाही. सगळं संपलं की फडकं गरम करून आणून द्यायची. "शेक दे. जाईल."

आणि जायचं. अकरा वर्षांत गादीवालीला माराचं वेळापत्रक तोंडपाठ झालं होतं. आधी लाल, मग जांभळं, मग हिरवट, मग पिवळं, आणि दोनेक आठवड्यांत कातडी कोरी. मधल्या दिवसांत नुसतं बोट लागलं तरी ठणका डोक्यात जायचा.

एकदा हॉस्पिटलातल्या एक सिस्टर जुनी गादी घेऊन आल्या. गादीवर फिरणारी ती तीन बोटं त्या टक लावून बघत राहिल्या.

"ताई, ही बोटं अशीच स्वतःच्या छातीवर फिरवता का कधी?"

"इश्श! काहीतरीच काय, सिस्टर!"

सिस्टर हसल्या नाहीत. "महिन्यातून एकदा. पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी. आधी आरशासमोर उभं राहायचं. आकार बदललाय का, कातडी कुठे आत ओढली गेलीय का, बोंडातून काही येतंय का, बघायचं. मग आडवं व्हायचं, एक हात डोक्याखाली, दुसऱ्याची तीन बोटं. आधी हलकं, मग जरा दाबून, मग खोल. काखेपर्यंत. गाठ लागली म्हणजे कॅन्सरच, असं नाही. बऱ्याचदा नसतोच. पण ते आपण ठरवायचं नाही, डॉक्टरांनी ठरवायचं."

पहिले दोन महिने काही लागलं नाही. तिसऱ्या महिन्यात डाव्या बाजूला, काखेकडे, बोट अडलं. कापसात चुकून सरकी राहते ना, तेवढंच काहीतरी. टणक.

तिने सासूला सांगितलं. सासू भाजीतून मान वर न करता म्हणाली, "परवा त्याने ढकललं तेव्हा आपटलीस ना खुर्चीवर? मारच आहे तो. शेक दे. मलापण आहे तसली, चांगली मोठी. खात नाही, पीत नाही, पडलीय बिचारी."

गादीवालीने शेक दिला. थांबली. पुढची पाळी येऊन गेली. गाठ लाल झाली नाही, जांभळी झाली नाही, हिरवी-पिवळी काही नाही. दाबली तरी दुखेना. अकरा वर्षांत न दुखणारा मार तिला कधी मिळाला नव्हता. सूत आणायचं निमित्त काढून ती हॉस्पिटल गाठून आली. सिस्टरांनी मंगळवार सकाळची चिठ्ठी दिली.

मंगळवारी सकाळी चिठ्ठी नवऱ्याच्या हाती लागली.

"डॉक्टर कपडे काढायला लावतील," तो म्हणाला. आवाज अगदी थंड. "मग विचारतील, हे काय, ते काय."

"अहो, पडले म्हणून सांगेन."

"अकरा वर्षं पडतेस काय गं?"

आणि बुक्की मारली. बरगडीत. ती कापसाच्या ढिगात कोसळली. त्याने पोटात लाथ घातली, चिठ्ठी फाडली, आईला दंडाला धरून बाहेर काढलं, शटर खाली ओढलं आणि कुलूप ठोकलं. मागच्या खोलीला दुसरं दार नव्हतं. चार दुकानं पलीकडे त्याचं काम चालू होतं, तिथे जाऊन तो शांतपणे पत्रे ठोकू लागला.

आत गादीवाली उठली. तोंडात रक्त आलं होतं, ते थुंकली. काठी उचलली आणि शटरवर घातली. धाड! धाड! सगळी गल्ली हादरली.

"आई, उघडा! दुसरी किल्ली तुमच्या कनवटीला आहे!"

"गप बस गं बाई, तो येईल," बाहेरून सासूचा कापरा आवाज. "मार आहे तो नुसता. माझीपण तसलीच आहे की. ह्यांनी मारलेली."

"कधी झाली ती?"

"झाली असतील दोन वर्षं."

काठी थांबली. गादीवाली पत्र्याला तोंड लावून ओरडली, "आई, मामंजींना जाऊन सहा वर्षं झाली! दोन वर्षांपूर्वी तुम्हाला कुणी मारलं?"

बाहेर चपला सरपटल्या. गादीवालीला वाटलं, गेली म्हातारी. मग कुलपात किल्ली फिरली.

शटर कमरेएवढं वर गेलं तोवर नवरा धावत आला. त्याने आईचा हात पिरगाळून किल्ली हिसकावली, तिला पायरीवर ढकललं. तिचं कपाळ फुटलं. गादीवाली शटरखालून सरपटत बाहेर आली आणि त्याने तिच्यावर उगारलेल्या मनगटावर तिने काठी घातली. जुन्या कापसावर घालते तशीच, दोन्ही हातांनी. हाड मोडल्याचा आवाज समोरच्या न्हाव्यालाही ऐकू गेला. नवरा गुडघ्यांवर बसला आणि गुरासारखा ओरडला. तिने काठी पुन्हा उचलली. दोन हात वर गेलेले, दात आवळलेले. घातली असती तर डोक्यात बसली असती.

"नको," सासू म्हणाली. कपाळातलं रक्त डोळ्यात उतरत होतं. "उशीर होतोय आपल्याला. आणि तू रे, दुकान माझ्या नावावर आहे. आम्ही परत यायच्या आत तोंड काळं कर."

डॉक्टरांनी दोघींना तपासलं आणि अंगावरच्या एकेका डागाबद्दल विचारलं. कुणीही "पडले" म्हटलं नाही. पोलिसांतही तेच सांगितलं. गादीवालीची गाठ कॅन्सरचीच निघाली, पण लहान होती, पसरली नव्हती. कापून काढली. पुढची औषधं झाली, केस गेले, केस आले. ती आजही कापूस झोडपते.

सासूचा आजार हाडांत गेला होता. दहा महिने मिळाले. त्यातले शेवटचे चार गादीवालीने भरलेल्या मऊ गादीवर.

"मारामुळे झालं नव्हतंच म्हणजे," एकदा ती पडल्या पडल्या म्हणाली. "उगीच ह्यांच्यावर घातलं."

"असू द्या हो. बाकीचं तर सगळं त्यांचंच होतं."

सासू हसली, मग हाडं दुखली म्हणून कण्हली. मग म्हणाली, "अगं, आज तुझा दिवस ना? विसरलीस? चल, दार लाव आणि पड इथे माझ्यासमोर."

गादीवाली आडवी झाली, हात डोक्याखाली घेतला. आधी हलकं, मग जरा दाबून, मग खोल. काखेपर्यंत. सासूने उशीवरून मान वर उचलली. तेवढ्यानेही तिला कळा येत होत्या. पण दोन्ही बाजू बघून होईपर्यंत तिने मान खाली टाकली नाही.