शिळेवरची आमसुलं

कोकणात कुठल्याही किल्ल्यावर गेलो की तिथल्या स्मारकांवरची अक्षरं वाचून काढायची मला खोडच आहे. परवा मालवणाकडच्या एका छोट्या किल्ल्यात बघतो तर काय, चौथऱ्यावर आडव्या बसवलेल्या स्मृतिशिळेवर चक्क आमसुलं वाळत घातलेली!

"अहो, ही काय जागा झाली?" शेजारी बसलेल्या मावशींवर मी उखडलो.

"दगड बरो तापता," त्या शांतपणे म्हणाल्या. "वाचूचा हा? थांबा, बाजूक करतंय."

त्यांनी आमसुलं सारली आणि मी वाकलो. अक्षरांतला रंग कधीच उडाला होता, पण कोकमाचा रस खाचांत मुरून प्रत्येक अक्षर लालेलाल उठलं होतं. तट बांधणाऱ्या गवंड्यांची नावं होती ती. मी मोठ्याने वाचत सुटलो.

"मे म्हयन्यातच दिसतत," मावशी हसल्या. "पावसात सगळा धुवान जाता."

शिळा बसवणारे लोक समारंभ आटोपून घरी जातात. तिच्यात जीव राहतो तो अशा भलत्याच कामाला आलेल्या माणसांमुळे.

निघताना आमसुलं मीच परत पसरली, एकही नाव कोरडं राहणार नाही अशी.